टोमॅटोच्या डब्यातली भिक्षा

मंगो पार्क हा स्कॉटिश डॉक्टर नायजर नदीच्या शोधात निघाला आणि १७९६ च्या पावसाळ्यात कामालिया नावाच्या गावात तापाने आडवा झाला. जवळचं सगळं लुटलं गेलं होतं. कार्फा तौरा नावाच्या एका गुलामांच्या व्यापाऱ्याने त्याला आसरा दिला, म्हणून तो वाचला. काही महिने तिथेच काढावे लागले, तेव्हा त्याने गावची शाळा नीट पाहून घेतली. फानकूमा हे तिथले गुरुजी, स्वभावाने मवाळ. त्यांच्याकडे १७ मुलगे आणि दोन मुली होत्या आणि बहुतेक मुलांचे आईबाप मुसलमानही नव्हते. मुलग्यांचे पाठ पहाटे उजाडण्याआधी आणि रात्री उशिरा, मोठ्या शेकोटीच्या उजेडात चालत. दिवसभर ते गुरुजींच्या शेतात पेरणी करत, लाकूडफाटा आणत. शिक्षण संपेपर्यंत मूल गुरूच्या घरचा चाकर मानलं जाई. शेवटी आईबाप एक गुलाम किंवा त्याची किंमत देऊन आपलं मूल सोडवून नेत.

कामालिया आज मालीत आहे. पण पार्कने पाहिलेला हा नमुना सेनेगलपासून नायजरच्या वळणापर्यंत सगळीकडे होता. सेनेगलमध्ये अशा शाळेला दारा म्हणतात, तिथल्या विद्यार्थ्याला तालिबे. गुरूला वोलोफ भाषेत सेरिन्य म्हणतात आणि फ्रेंचांनी रूढ केलेल्या नावाने माराबू. आज डाकारच्या चौकात गाड्यांच्या काचांवर टकटक करणारा, हातात टोमॅटोच्या पेस्टचा रिकामा लाल डबा घेतलेला अनवाणी मुलगाही तालिबेच असतो. त्याला पाहून परदेशी पाहुणे हळहळतात आणि बहुधा दोन निष्कर्ष काढतात: एक तर ही जुनी धार्मिक रूढी आहे, किंवा हा निव्वळ बालमजुरीचा धंदा आहे. पहिला निष्कर्ष इतिहासाला धरून नाही आणि दुसरा अर्धाच खरा आहे.

सेनेगलला इस्लाम नवा नाही. सेनेगल नदीकाठच्या ताक्रूर राज्याच्या राजाने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातच तो स्वीकारला होता. पुढे कायोर राज्यात पिर-सान्योखोर इथे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खाली आमार फाल यांनी विद्यापीठच म्हणावं असा दारा उभा केला. न्दियांबूर प्रांतातलं कोकीही तसंच नावारूपाला आलं. या शाळांत कागद जवळजवळ नसे. लाकडी पाटी, बोरू आणि काजळी व डिंक घोटून केलेली शाई. पाठ झाला की पाटी धुवायची आणि नवा पाठ लिहायचा. अक्षरं धुतलेलं ते पाणी टाकून द्यायचं नाही, प्यायचं. पवित्र शब्द डोक्यात जावा तसा अंगातही उतरावा, अशी त्यामागची समजूत. अमेरिकेतले इतिहासकार रुडॉल्फ वेअर यांनी २०१४ च्या ग्रंथात या शिक्षणाकडे पाहायची नवी दृष्टी दिली. पोपटपंची म्हणून हिणवलं गेलेलं हे पाठांतर त्यांच्या मते देहालाच ग्रंथ बनवण्याचा अभ्यास होता.

भिक्षा याच अभ्यासाचा भाग होती. मूल ठरलेल्या वेळी गावातल्या दारांशी जाई आणि शिजलेलं अन्न मागून आणी. पुण्या-पैठणच्या पाठशाळांत माधुकरी मागून किंवा वार लावून शिकलेल्यांच्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हा व्यवहार लगेच ओळखू येईल. घरं माहितीची असत, वाढणारी बाई मुलाला नावाने ओळखे, तो आजारी आहे की त्याला मार बसला आहे हेही तिच्या नजरेतून सुटत नसे. काही ठिकाणी एखादी बाई एका तालिबेला आपला मानी, त्याचे कपडे धुऊन देई, सणाला गोडधोड घाली. अशा बाईला ‘न्देये दारा’, दाराची आई म्हणत. आजही म्हणतात.

शेख हामिदू कान यांची १९६१ मध्ये आलेली आत्मचरित्रात्मक अंगाची कादंबरी ‘लावांत्यूर आंबिग्यू’ सेनेगलात शाळेत शिकवली जाते. तिचा नायक सांबा दियालो सरदार घराण्यातला. तरी तोही फाटक्या वस्त्रांत इतर पोरांबरोबर दारोदार जातो आणि उच्चार चुकला की गुरूकडून निर्दय शिक्षा भोगतो. घरात खायला कमी म्हणून हा मुलगा भीक मागत नव्हता. गर्व मोडावा म्हणून ती व्यवस्था होती. कान यांनी त्या शिक्षेचं उदात्तीकरण केलं, असा आक्षेप पुष्कळांनी घेतला आहे आणि तो अगदीच चूक नाही. मात्र भिक्षेमागची मूळ कल्पना समजून घ्यायला या कादंबरीइतकं चांगलं साधन दुसरं नाही.

अशा शाळांतून नुसते पाठक तयार झाले नाहीत. नदीकाठच्या फूता तोरो प्रदेशात १७७६ मध्ये सत्तापालट झाला, तो घडवणारे सुलेमान बाल आणि पहिले इमाम-राज्यकर्ते अब्दुल कादिर कान, दोघंही पिरच्या परंपरेतले. जुने सरदार या पंडितांना भिक्षेकरी म्हणून हिणवत. त्याच भिक्षेकऱ्यांनी राज्य घेतलं आणि मुसलमान प्रजेला गुलाम म्हणून विकायला बंदी केली. १७८५ मध्ये फ्रेंचांशी झालेल्या करारातही त्यांनी ही अट घातली. गुलामांची जहाजं सेनेगल नदीच्या मुखाशी रांगेने उभी राहत, त्या काळातली ही गोष्ट आहे. पुढे अब्दुल कादिर कायोरवर चालून गेले आणि हरले. कायोरच्या राजाने त्यांना ठार न मारता काही काळ कैदेत राबवलं आणि सोडून दिलं. ही हकीकत पार्कच्या कानावर आली होती आणि त्याने ती आपल्या पुस्तकात मोठ्या चवीने सांगितली आहे.

फ्रेंचांना दारा सुरुवातीपासून खुपत होता. गव्हर्नर फेदेर्ब यांनी सरदारांची मुलं आणून शिकवण्यासाठी सेंट-लुईत १८५५ मध्ये शाळा काढली. तिचं नाव उघडच होतं, ओलिसांची शाळा. दोन वर्षांनी, १८५७ च्या आदेशाने शहरातल्या कुराणशाळांना परवाना सक्तीचा झाला आणि बारा वर्षांवरच्या मुलांना संध्याकाळी फ्रेंच वर्गात पाठवण्याची अट आली. नंतरच्या पन्नास वर्षांत आदेशांवर आदेश निघाले. १९११ मध्ये गव्हर्नर-जनरल पोंती यांनी न्यायनिवाड्यात आणि सरकारी पत्रव्यवहारात अरबी बंद केली. हे नियम शहरांपुरते कसेबसे चालले. खेड्यात कोणी विचारलं नाही. गुरूंनी परवाने मागितले नाहीत आणि अधिकाऱ्यांनी फारसा पाठपुरावाही केला नाही. सेनेगलात आजही दाराच्या नोंदणीचा विषय निघाला की हा इतिहास चटकन वर येतो. नोंदणी म्हटलं की गुरूंना फेदेर्ब आठवतो.

दरम्यान भुईमूग आला. मार्सेय आणि बोर्दोच्या तेल-साबणाच्या कारखान्यांना शेंगा हव्या होत्या. १८८५ मध्ये डाकार ते सेंट-लुई रेल्वे सुरू झाली, तीही मुख्यतः शेंगांसाठी. याच काळात शेख आमादू बांबा यांनी मुरीद पंथ उभा केला आणि १८८७ च्या सुमारास तूबा वसवलं. हा माणूस बंड करेल या भीतीने फ्रेंचांनी त्यांना १८९५ मध्ये गॅबनला हद्दपार केलं. सात वर्षांनी ते परतले तेव्हा त्यांची लोकप्रियता कित्येक पटींनी वाढली होती. पुढे दोन्ही बाजूंनी समजूतदारपणा दाखवला. मुरीदांचे तरुण शिष्य बाओल प्रदेशाच्या माळरानावर जाऊन झुडपं तोडत, विहिरी खणत आणि शेखसाठी भुईमूग पिकवत. अशा कष्टकरी वस्तीलाही दाराच म्हणत. श्रम हीच उपासना, हे सूत्र तिथे पक्कं झालं आणि सरकारला शेंगा मिळाल्या. शिष्याच्या श्रमाला रोख बाजारभाव आला, तो या काळात. पार्कने पाहिलेली मुलं गुरूच्या घरापुरतं धान्य पेरत होती. बाओलच्या शिष्याचं पीक थेट फ्रान्सला जात होतं.

शेंगा फ्रान्सला जात आणि बदल्यात जहाजं भरून इंडोचायनाचा तुकडा तांदूळ येई. सेनेगलचं राष्ट्रीय जेवण मानला जाणारा माशांचा भात, चेबू जेन, हा त्या तुकडा तांदळावर उभा राहिला. युनेस्कोने २०२१ मध्ये त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. हल्ली हा तांदूळ बऱ्याच प्रमाणात भारतातून जातो. तालिबेच्या डब्यात पडणारा कच्चा तांदूळ यांतलाच.

खरी पडझड स्वातंत्र्यानंतर झाली. देश १९६० मध्ये स्वतंत्र झाला आणि १९६८ पासून साहेल पट्ट्यात लागोपाठ दुष्काळ पडू लागले. १९७३ पर्यंत गुरं मेली, शेंगांचं उत्पन्न घसरलं, खेडी रिकामी व्हायला लागली. गुरूही शेतकरीच होते. पूर्वी ते सुगीनंतर, कोरड्या दिवसांत विद्यार्थ्यांना घेऊन शहरात येत आणि पाऊस पडला की परतत. आता परतायला शेत उरलं नव्हतं. डाकार, थिएस, सेंट-लुईत कुणाच्या बांधकाम अर्धवट राहिलेल्या घरात, कुणाच्या ओसरीत दारा थाटले गेले. शेतात राबवण्याची सोय संपल्यावर त्या मुलांच्या हाती एकच काम उरलं. शहरात न्देये दारा मोजक्याच. दार ओळखीचं नाही, शिजलेलं अन्न देणारं घर नाही. रस्त्यावरचा माणूस देतो तो पैसा किंवा मूठभर तांदूळ. ताटातला घास खाऊन संपतो, पण नाण्याचा हिशेब ठेवता येतो. तो ठेवला जाऊ लागला आणि रोजचा ठराविक आकडा आला. आकडा भरला नाही तर मार.

ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने २०१० च्या अहवालासाठी १७५ तालिबेंशी बोलून हा आकडा काढला. सरासरी रोज ३७३ सीएफए फ्रँक, म्हणजे एका डॉलरहूनही कमी, वर तांदूळ आणि साखर वेगळी. शुक्रवारी जास्त, कारण त्या दिवशी लोक जास्त दान करतात. एकेका गुरूकडे अशी पन्नास मुलं असली तर महिन्याचं उत्पन्न शाळामास्तराच्या पगारापेक्षा बरंच वर जातं. संस्थेच्या अंदाजाने तेव्हा किमान ५०,००० मुलं सक्तीने भीक मागत होती. २०१९ च्या अहवालात हा अंदाज एक लाखावर गेला होता. त्याआधी २००७ मध्ये युनिसेफ, जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने केलेल्या डाकारच्या पाहणीत ७,६०० भिकारी मुलं आढळली आणि त्यांतली ९० टक्के तालिबे होती. बरीच मुलं शेजारच्या गिनी-बिसाऊतून, बाफाता आणि गाबू भागांतून आणलेली. तिकडच्या फुलानी खेड्यांत कुराण शिकायला सेनेगलला धाडणं ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे. त्यामुळे सीमेवर मुलांचा जथा घेऊन जाणाऱ्याला आईबापांचा आशीर्वाद असतो. पोलिसाने त्याला अडवायचं तरी कोणत्या तोंडाने?

सगळेच गुरू असे नाहीत, हे सांगायला हवं. मात्र ‘काही नासके आंबे’ हा बचावही पुरेसा नाही, कारण या व्यवहाराला देणारे हातही लागतात.

सेनेगलमध्ये लोक नुसत्या दयेने देत नाहीत. परीक्षा आहे, व्हिसा हवा आहे, नवऱ्याचं दुसरं लग्न टाळायचं आहे, की माणूस माराबूकडे जातो. माराबू सांगतो, इतके साखरेचे खडे, मेणबत्त्या, दूध किंवा पांढरं कापड अमुक इतक्या गरिबांना दान कर. सकाळी कामावर जाताना गाडीतून ते दान हातात ठेवायला तालिबे सापडला नाही तर देणाऱ्याचीच पंचाईत. आमिनाता सो फाल यांनी १९७९ च्या ‘ला ग्रेव्ह दे बात्तू’ या कादंबरीत हीच पंचाईत पकडली आहे. त्या काळी राष्ट्राध्यक्ष सेंघोर यांचं सरकार पर्यटकांसाठी डाकार स्वच्छ करत होतं. भिकारी, कुष्ठरोगी, वेडे यांना सरकारी भाषेत ‘मानवी अडगळ’ म्हणत आणि ट्रकमध्ये घालून शहराबाहेर नेत. कादंबरीतला आरोग्यखात्याचा अधिकारी मूर न्दियाय शहरातून भिकारी हटवतो आणि त्या पराक्रमावर उपराष्ट्राध्यक्षपदाची स्वप्नं पाहतो. माराबू त्याला सांगतो, पद हवं तर शहरभरच्या भिकाऱ्यांना दान वाट. भिकारी तेवढ्यात संपावर गेलेले असतात. एवढ्या नेमक्या विनोदाने लिहिलेलं समाजशास्त्र क्वचित वाचायला मिळतं.

कायद्यातही हीच कोंडी आहे. दंडसंहितेचं कलम २४५ भीक मागण्याला बंदी करतं, आणि धार्मिक परंपरेने ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी मागितलेली भिक्षा ही भीक नव्हे, असंही तेच कलम सांगतं. मानवी तस्करी आणि सक्तीच्या भिकेविरुद्धचा २००५ चा कायदा कडक आहे, दोन ते पाच वर्षं कैद. पाच वर्षं तो कपाटात राहिला. ऑगस्ट २०१० मध्ये पंतप्रधानांनी सार्वजनिक जागी भीक मागायला बंदी जाहीर केली आणि सप्टेंबरमध्ये काही गुरूंना पहिल्यांदाच दोषी ठरवलं गेलं, पण कैद स्थगित ठेवून. गुरूंच्या संघटना खवळल्या. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष वाद यांनी स्वतःच्याच पंतप्रधानांच्या निर्णयावर पाणी फिरवलं. निवडणूक जवळ होती आणि पंथप्रमुखांच्या एका शब्दावर लाखो मतं फिरत असत.

३ मार्च २०१३ च्या रात्री डाकारच्या मदिना वस्तीतल्या एका दाराला आग लागली. दाटीवाटीने झोपलेल्या मुलांपैकी किमान आठ जण जळून मेले. नवे राष्ट्राध्यक्ष माकी साल घटनास्थळी गेले, असे दारा बंद करू म्हणाले. २०१६ च्या जूनअखेरीस त्यांनी रस्त्यावरची मुलं उचलण्याचा आदेश दिला. वर्षभराच्या आत दीड हजाराहून अधिक मुलं उचलली गेली. त्यांत हजारावर तालिबे होते आणि त्यांतले बहुतेक ज्या गुरूंनी त्यांना रस्त्यावर पाठवलं होतं, त्यांच्याच ताब्यात परत दिले गेले.

या पोकळीत संस्था शिरल्या. डाकारला १९७२ मध्ये जाक ब्युन्यिकूर यांनी सुरू केलेली एंदा ही त्यांतली जुनी. मुलांना वाचवण्याची वस्तू समजण्यापेक्षा त्यांना संघटित करावं, हा तिचा आग्रह. डाकारच्या घरकामगार पोरींपासून ही हालचाल सुरू झाली आणि १९९४ मध्ये आयव्हरी कोस्टच्या बुआके शहरात पश्चिम आफ्रिकेतल्या कष्टकरी मुलांनी आपले बारा हक्क ठरवले. त्यांत हलकं आणि मर्यादित काम करण्याचा, आजारपणात विश्रांतीचा, लिहायला-वाचायला शिकण्याचा हक्क होता. त्यांचे प्रतिनिधी १९९६ मध्ये कर्नाटकातल्या कुंदापूरला आले आणि भारतीय व लॅटिन अमेरिकन कष्टकरी मुलांबरोबर त्यांनी जाहीरनामा काढला. बालमजुरीवर सरसकट बंदी मागणाऱ्यांना तो फारसा रुचला नाही.

डाकारमध्ये २००३ पासून आंता म्बो यांचं ‘लांपीर देझांफां’ पळून आलेल्या मुलांना आसरा देतं आणि घरी पोचवतं. त्याच साली आलेली सामूसोशियालची गाडी रात्री डॉक्टर आणि समाजसेवक घेऊन फिरते, कारण मार चुकवण्यासाठी पळालेलं मूल रात्री बाजारात नाही तर बस थांब्यावर सापडतं. लाक रोझ तळ्याजवळचं व्हिलाज पिलोत मोठ्या मुलांना सुतारकाम, शेती शिकवतं. सेंट-लुईत इसा कुयाते आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उभं केलेलं ‘मेझों द ला गार’ मात्र वेगळ्या अंगाने गेलं. तिथे तालिबे दाराचे राहूनच येतात. आंघोळ, खरजेवर मलम, फ्रेंच आणि आकडेमोड, बागकाम, कराटे, आणि पुन्हा गुरूकडे. गुरूशी भांडण टाळून त्याच्याशी बोलणं चालू ठेवायचं, ही त्यांची रीत. टीकाकार म्हणतात, यामुळे गुरूचा खर्च वाचतो आणि मूल दुपारी पुन्हा डबा घेऊन बाहेर पडतं. टीका खरी आहे. पण मूल गुरूपासून तोडायला गेलेल्यांना दुसऱ्या दिवशी दाराचं दार बंद मिळालं, हेही तितकंच खरं. या लढाईत टिकले ते बहुधा असे तडजोडवालेच.

सरकारने दाराचं आधुनिकीकरण करायचं ठरवलं तेव्हा इस्लामी विकास बँकेच्या पैशांतून नव्या इमारती, फ्रेंच आणि गणिताचे शिक्षक, जेवण अशी योजना आली. दाराला कायदेशीर दर्जा देणाऱ्या विधेयकाचा मसुदा जून २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने मान्य केला. त्यात जागा, पाणी, तपासणी यांच्या अटी आहेत. गुरूंच्या संघटनांचा सवाल होता की अटी सरकार घालणार, तर पगार कोण देणार? प्रश्न गैरवाजवी नाही. फ्रेंच शाळेच्या मास्तराला शंभर वर्षं सरकारी पगार मिळाला. दाराच्या गुरूला स्वतंत्र सेनेगलनेही कधी दिला नाही. आईबापही देत नाहीत, कारण गुरूला फी विचारणं त्यांना अपमानास्पद वाटतं.

सरकारी पैशाविना हे चालत नाही, असंही नाही. कोकीत जुन्या परंपरेच्या जागी शेख अहमद साखिर लो यांनी १९३९ मध्ये दारा पुन्हा उभारला. आज तिथे हजारो मुलं राहतात, कुराण मुखोद्गत करतात आणि गावात डबा घेऊन हिंडत नाहीत. दाराची स्वतःची शेती आहे. माजी विद्यार्थी देशभर आणि युरोपात व्यापार करतात आणि तिकडून पैसे पाठवतात. अशा घरच्या उदाहरणांचा अभ्यास परदेशी अहवालांत दोन-चार ओळींपलीकडे क्वचित सापडतो. बाफाताचा शेतकरी मात्र कोकीचं नाव ऐकूनच मुलगा सेनेगलला पाठवतो आणि तो मुलगा डाकारच्या उपनगरातल्या कुठल्या ओसरीत पोचला, हे त्याला बहुधा तीन-चार वर्षं कळत नाही.